सोमादादा, तू कुणाकडे पाहत होतास?

सोमादादा,

महादूनं तू गेल्याचं सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते हे, "कोणत्या पटात?"

तो माझ्या खाटेवर बसला होता. आपल्या गावाहून इतक्या लांब भिलाईला काम शोधायला आलेला, पायांवर अजून रस्त्याची धूळ. मी काही वेड्यासारखं बोललो असं त्यानं माझ्याकडं पाहिलं. "पटात नाही रे बावा," तो म्हणाला, "घरी गेला. खाटंवर. पोया झाला अन् आठवडाही नसन झाला."

मी त्याला म्हणालो, खोटं नको बोलू. दादा, खरंच म्हणालो. तुझ्यासाठी मी एकच मरण धरून ठेवलं होतं. पौष लागला, गावोगावी शंकरपट, बैलजोड्यांच्या शर्यती, सुरू झाल्या, की कारखान्यात काम करताकरता ते माझ्यासमोर येऊन उभं राहायचं. बैल बिथरले आहेत, छकडीचं एक चाक वर उचललंय, तू धुरेवरून खाली आणि मागून दुसऱ्या कोणाची जोडी. शिवरात्रीपर्यंत गावाकडून आलेल्या माणसाच्या तोंडाकडं पाहायची मला हिंमत नसायची. आधी त्याच्या पायांकडं पाहायचो, मग पिशवीकडं, मग हळूच तोंडाकडं. शिवरात्र गेली की सुटका. मग अन्न गोड लागायचं. भाद्रपदात तुला काही होईल हे माझ्या भेवाला कधी सुचलंच नाही.

आणि झालं काय, तर खिळा. पोळ्याआधी मालकाच्या कोठ्यात बैलांची गव्हाण ठोकून नीट करताना गंजका खिळा तुझ्या तळव्यात गेला. त्यावर तू तंबाखू दाबलीस, चिंधी बांधलीस आणि पाखऱ्या-हरण्याच्या जोडीला सजवून गावातून मिरवलंस. मग मान आखडली. मग जबडा. पुसदला नेलं तोवर धनुर्वात अंगभर झाला होता, तिथून घरी परत आणलं. ज्याची हाळी पूस नदीच्या पल्याड ऐकू जायची तो माणूस दात लावून पडला. मी वर्षानुवर्षं चाकावर, खुरांवर, शिंगांवर नजर ठेवून बसलो आणि ते गव्हाणीतून आलं.

महादूनं पाणी पिऊन गिलास खाली ठेवला. त्याचं सांगून झालं असं मला वाटलं. पण तो म्हणाला, "पुंड्याभाऊ, मले वैनीनं एक निरोप देल्ला हाये. त्याचं उत्तर घेऊन जा म्हणे, नाहीतं कोणाच्या हातानं धाडजो."

निरोप असा होता. शेवटचे दोन दिवस तुझं सगळं अंग लाकूड झालं होतं, डोळे तेवढे जिवंत होते. आणि ते डोळे खाटेसमोरच्या भिंतीवरून हलत नव्हते. त्या भिंतीला खुंटी आहे. खुंटीला तुझी तुतारी टांगलेली असते, ती टोकाला आर ठोकलेली वेळूची काठी, जी तू आयुष्यभर हातात धरलीस आणि बैलाला टोचलेली मी कधी पाहिली नाही. गावातला जो जो तुला पाहायला आला त्यानं पाहिलं, सोमा तुतारीकडं पाहतो आहे. नानाजी मालक आले. खाटेपाशी वाकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "समजलो सोमा. तुह्या जागी तुहा पोरगा गौतम बसन. तू बिनघोर जाय." तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मालक म्हणाले, पाहा, हो म्हणून राह्यला.

तुला माती दिली, लोक घरी गेले आणि मग वहिनी बोलल्या. तुतारी चुलीत घाल, पोराच्या हाती लागू देऊ नको, असं तुझं म्हणणं होतं, असं म्हणाल्या. त्या पाण्याचा अर्थ तोच.

आता गावात दोन बाजू आहेत. दसरा झाला की बैलांना सरावाला घालावं लागेल आणि मालकांना तोवर धुरेवर बसून जोडी हाकणारा धुरकरी पाहिजे. तुझं नाव, तुझं रक्त, तुझ्या हातचे बैल, त्यांना दुसरा कोणी नको आहे. वहिनी त्यांच्याच वावरात निंदायला जातात, त्यांच्याच कापसात वेचायला. तोंडावर नाही म्हणण्याची त्यांची ताकद नाही आणि हो म्हणण्याची तर त्याहून नाही.

"म्हणून वैनी म्हणे," महादूनं माझ्याकडं न पाहता सांगितलं, "पुंड्याभाऊले इचार. बाकीच्या गावानं सोमाची पाठ पाह्यली. त्याचं तोंड समोरून त्यानंच पाह्यलं. त्याच्या डोयातलं त्याले समजन. तो जे म्हणन ते होईन."

दादा, त्या दिवसापासून मी एकच हिशोब करतो आहे. मी म्हणालो की तू 'घे' म्हणत होतास, तर तुझा गौतम येत्या पौषात धुरेवर बसेल आणि तुझ्यासाठी मी सांभाळून ठेवलेलं ते सगळं मरण उचलून त्याच्या नावावर जाईल. मी म्हणालो की तू 'जाळ' म्हणत होतास, तर ते तुझं म्हणणं की माझं भेव? आणि मी तर तिथं नव्हतोच.

वहिनी म्हणतात ते खरं आहे, मी तुला समोरूनच पाहिलं. शंकरपटात जीव खाऊन पळालेली जोडी कासऱ्यानं थांबत नाही. धाव जिथं संपते तिथं दोन माणसांनी उभं राहायचं, जोडी अंगावर येईपर्यंत हलायचं नाही, मग बाजूला होऊन तिच्यासोबत धावायचं आणि एकेका बैलाची म्होरकी पकडून अंगाचा सगळा भार टाकायचा. धरणारा चुकला तर बैल पुढं गर्दीत घुसतात, नाहीतर वळतात आणि छकडी उलटते. धुरकऱ्याचा जीव सुरुवातीला त्याच्या हातात असतो आणि शेवटी धरणाऱ्याच्या.

त्या कामाला तू मला निवडलंस. मला! चौथीतून शाळा सोडली ती माझा बाप गेला म्हणून, पण वस्तीत सगळे सांगायचे की पुंड्या मास्तराच्या छडीला भिऊन पळाला, आणि कोणाला ते खोटं वाटायचं नाही. नदीच्या वाळूत तू सराव घेत होतास. तालमीतले गडी दंड फुगवून पुढं उभे होते आणि मी बाभळीच्या आडून पाहत होतो. तू हात केलास. सगळे हसले. कोंडबा पैलवान म्हणाला, "सोमा, याले घेतं? याच्यावर कुत्रं भुकलं तं हा झाडावर चढते."

"म्हणूनच घेतो," तू म्हणालास. "तुले भेव नाही, म्हणून तू लोकायकडं पाह्यशीन, कोण पाहून राह्यलं म्हणून. हा बैलाकडं पाह्यन." आणि मग मला जवळ घेऊन हळू आवाजात, "पुंड्या, भेव सोडू नको बरं. जागा सोडू नको."

माझ्या भित्रेपणाचा कोणाला काही उपयोग आहे हे मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी सांगितलं असेल तर ते तू. त्या एका वाक्यावर मी अजून जगतो, दादा. कारखान्यात गरम लोखंड समोरून धडधडत येतं तेव्हा शेजारचे गडी गप्पा मारतात आणि मी लोखंडाकडं पाहतो. आजवर मला काही झालं नाही.

पण तुझ्या तोंडाचं मी काय सांगू? आधी धूळ दिसायची. मग धुळीतून बैलांची कपाळं. मग तुझा फेटा. तुझं तोंड सगळ्यात शेवटी, आणि तेही क्षणभर, कारण तोवर मला म्होरकी पाहावी लागायची. त्या तोंडावर मी एकच गोष्ट वाचायला शिकलो होतो, बैल ताब्यात आहेत की सुटलेत. बाकी काही नाही. तू खूश आहेस, दमला आहेस, घरचं काही मनात आहे, यातलं मला समोरून कधी काही समजलं नाही. वहिनींना हे कसं सांगू? त्यांना वाटतं मी तुझ्या तोंडाचा जाणकार.

माणसं तुझ्या जिंकण्याच्या गोष्टी सांगतात. महागावचा पट, उमरखेडचा, आर्णीचा, तिकडं पार बाभुळगावपर्यंत. कोणत्याही गावचा पटाचा शौकीन भेटला की म्हणायचा, तुमच्याकडचा तो सोमा अजून हाकते का? अजून? तुझ्याबरोबरचे धुरकरी एक हाड मोडलं, दुसरं मोडलं की उतरले. तुझ्या बरगड्या मोडल्या, एका कानानं ऐकू येईना, मिशी पांढरी झाली, तरी पौष आला की तू धुरेवर. तुझ्या हाताखाली किती जोड्या तरण्या झाल्या, म्हाताऱ्या झाल्या. त्यातला एकही बैल तुझा नव्हता. बक्षिसाचा नांगर मालकाच्या घरी जायचा आणि तुला फेटा मिळायचा. वहिनींनी एकदा ते सगळे फेटे जोडून गोधडी शिवली. तू त्या गोधडीवर बसून म्हणालास, "पाह्य पुंड्या, सारे पट ढुंगणाखाली."

माझ्याजवळ या सगळ्यातला एकच पट आहे. बाकीच्यांत नुसतं भेव होतं. या पटात आणखी काहीतरी होतं.

छप्पनच्या दसऱ्याला आपण नागपूरला गेलो, पांढरे कपडे घालून, वस्तीतले सगळे. दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. परतीच्या वाटेवर सगळे गात होते आणि मी मनात दिवस मोजत होतो, कारण पुढं पौष होता. पटाच्या दिवशी मालक महादेवापुढं नारळ फोडायचे आणि मग बैलांना, छकडीला आणि धुरकऱ्याच्या कपाळाला कुंकू लावायचे. कुंकवाविना धुरकरी धुरेवर चढलेला आपल्या भागात कोणी पाहिला नव्हता. मी तुला वाटेत विचारलं, "दादा, कुंकवाचं काय करशीन?" तू म्हणालास, "आतापासून कायले भेतं? आधी थंडी तं पडू दे."

थंडी पडली. पटाचा दिवस आला. मालक ताट घेऊन आले.

"सोमा, वाक."

"मालक, मले नका लावू."

"काहून?"

"मी दीक्षा घेतली ना. तुमाले माहीत हाये."

"अरे दीक्षा तुही. बैल तं माहे हायेत."

"मंग बैलायले लावा. चांगलं लावा. कपायाले लावा, शेपटाले लावा, मी कायले नाही म्हणू?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. पण मागून दुसरा आवाज आला, "आज छकडी उलटते पाह्य." आणि त्या आवाजावर कोणी हसलं नाही. मी मालकांकडं पाहिलं. ते रागावले नव्हते, दादा. ते भ्याले होते. माझ्यासारखेच. म्हणाले, "सोमा, आजवर असं झालं नाही. मले भेव वाटून राह्यलं."

तू म्हणालास, "मलेही वाटून राह्यलं, मालक. पण माह्यं भेव कुंकवानं जात नाही."

मालकांनी ताटाकडं पाहिलं, तुझ्या डोक्याकडं पाहिलं. मग एकदम म्हणाले, "फेटा माहा हाये ना? मागच्या पटाचा, मीच देल्ला. मी माह्या फेट्याले लावतो."

"लावा. फेटा तुमचा. कपाय माहं."

आणि त्यांनी तुझ्या फेट्याला कुंकू लावलं, आणि ते लावताना बोट कपाळाला लागू नये म्हणून इतके जपले की बाजूची माणसं श्वास धरून पाहत होती. जाताना तू तुतारी माझ्या हातात दिलीस, छकडी तपासून घेतो म्हणून. तुझा तळवा माझ्या हाताला लागला. थंडगार, माठासारखा. मी चमकून पाहिलं. तू म्हणालास, "काय पाह्यतं? भेव सगयायलेच असते. तू डोयात ठेवतं, मी हातात ठेवतो. कासरा धरला का तिथं जागा राह्यत नाही त्याले."

मी धावेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. गर्दी आज बैलांकडं नाही, आपल्या लोकांकडं पाहत होती. मला ठाऊक होतं, जोडी आज अडखळली, नुसती अडखळली जरी, तरी उद्यापासून वस्तीतली कोणतीही बाई विहिरीवर सुखानं पाणी भरणार नाही. लोक म्हणतील, पाहा, देव सोडला आणि बैल पडले. मी त्या दिवशी तुझ्यासाठी नाही भ्यालो, दादा. सगळ्यांसाठी भ्यालो. धूळ उठली तेव्हा मी पाय मातीत रोवले.

जोडी आली. सरळ आली, कधी आली नव्हती इतकी सरळ. मी म्होरकी धरली, ओढला गेलो, घासला गेलो, थांबलो. तू उतरलास आणि धुरेला धरून उभा राहिलास. एक म्हातारा गर्दीतून पुढं आला, त्यानं तुझ्या फेट्याकडं निरखून पाहिलं आणि ओरडला, "अरे, कुंकू तं हाये की! उगाच बोंबलून राह्यले!" मग मालकांनासुद्धा हसू आलं. त्यानंतर प्रत्येक पटाला फेट्यालाच लागायचं. तुझ्या जागी बसणारा जो कोणी असेल त्याच्याही फेट्याला लागेल. एवढं तू करून गेलास.

बाभुळगावच्या पटात माझा खांदा निखळला तो पुढं. बैल वळले, मी जागा सोडली नाही आणि हाताला हिसका बसला. परत येताना आख्ख्या वाटेत तू गाडीत माझा हात तुझ्या मांडीवर घेऊन बसलास, गाडीचा धक्का मला लागू नये म्हणून. त्या पटाला भिलाईकडं काम करणारा एक मुकादम आला होता, तुझ्या हाकण्यावर खूश. तुला म्हणाला, सोमाजी, काय पाहिजे मागा. तू म्हणालास, "माह्या या भावाले कामाले लावा. याच्यानं आता बैल धरणं होत नाही." स्वतःसाठी काही मागितलं नाहीस. माझी नोकरी, ही खोली, माझं लग्न, सगळं त्या एका वाक्यातून आलं आहे. आणि मला तेव्हा वाटलं होतं, तू मला काढून टाकतो आहेस.

निघताना मी भांडलो. "तू बी चाल ना तिकडं. पट सोड."

"तिकडं कोणाले हाकू? भट्टीले?"

"मस्करी नको करू दादा. सोड म्हणतो मी."

"सोडीन."

"कवा?"

"बैल म्हणतीन तवा."

दरवेळी गावी आलो की हेच. मी म्हणायचो सोड, तू म्हणायचास सोडीन. गेल्या शिवरात्रीला आलो तेव्हा तू ओट्यावर बसला होतास, पाय चोळत. मी म्हणालो, "गौतम मोठा झाला, मॅट्रिकले बसला. आता उतर." तू पाय चोळायचा थांबलास. मग म्हणालास, "उतरलो का मले कोण वयखन रे?" तू हे हसत म्हणाला नव्हतास. मी तोंड उघडलं, मी वयखीन म्हणणार होतो, तेवढ्यात वहिनींनी जेवायला हाक मारली आणि तू उठलास. ते तिथंच राहिलं. आता तुला सांगतो, मी ओळखलं असतं. तुतारी नसती, फेटा नसता, बाजाराच्या गर्दीत असतास तरी.

महादूला इथं काम मिळालं. रोज संध्याकाळी तो दारात यायचा. "काय सांगू वैनीले?" मी म्हणायचो, उद्या. तो म्हणायचा, "पुंड्याभाऊ, दसरा आला." मला ठाऊक होतं दसरा आला. मी मनात तुला खाटेवर निजवायचो, तुझं तोंड पाहायचो आणि दरवेळी मला माझंच भेव परत दिसायचं. एकदा ठरवलंही की 'जाळ' म्हणून सांगू. मग वाटलं, आणि तो खरंच 'घे' म्हणत असला तर? एवढ्या वर्षांची तुझी कमाई एका भित्र्या माणसाच्या शब्दावर चुलीत जायची.

परवा पहिल्या पाळीवरून घरी आलो तर दारात गौतम.

उत्तराची वाट न पाहता तोच आला होता. दादा, त्याला दारात पाहून माझ्या तोंडून तुझंच नाव निघालं, खांदे इतके तुझे आहेत. माझ्या बायकोनं त्याला भाकर वाढली. तो नुसती कुस्करत बसला. मग म्हणाला, "काका, तुमी काय ठरवलं?"

"काही नाही रे. मले समजून नाही राह्यलं."

"मालक रोज बोलावते कोठ्यात. पाखऱ्या-हरण्याजवय उभं करते. म्हणते, हात फिरव, बापाचे बैल हायेत. मी फिरवतो."

त्यानं हात मांडीखाली घेतले. मी ते पाहिलं. आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मालकांनी, वहिनींनी, गावानं, मी, सगळ्यांनी तुझ्या डोळ्यांना विचारलं, या पोराला कोणीच नाही.

"गौतम, तुले बसायचं हाये का रे धुरेवर?"

त्यानं भाकर बाजूला सारली. "नाही," तो म्हणाला. मग एकदम बांध फुटल्यासारखा बोलत सुटला. "मले लहानपणापासून भेव वाटते काका. बाबा पटाले निघाले का मी घरामागं जाऊन ओकत होतो. बाबाले माहीत नव्हतं. अन् शेवटी सारे म्हणे, तुतारीकडं पाहून राह्यले. मी तिच्याच खाली बसलो होतो, काका."

"खाली म्हणजे?"

"खुंटीच्या खाली. भिंतीले टेकून. दोन्ही दिवस. आई म्हणे चाल, दोन घास खा, तरी मी उठलो नाही. मान हालवली का तुतारी डोक्याले लागे. लोक येत, बाबाले पाह्यत, मंग वर तुतारीले पाह्यत. मी कोणाले दिसलोच नाही. अन् मले वाटे, बाबा मले म्हणून राह्यले, घे रे भेकडा, घे आता."

मी उठलो. कशासाठी उठलो ते आठवत नाही. पुन्हा बसलो.

मग मी त्याला सांगितलं. तुझा बाप ज्या माणसाच्या हाती आपला जीव द्यायचा तो माणूस गावातला सगळ्यात भित्रा होता, आणि त्यानं तो त्याचसाठी निवडला होता. कुंकवाच्या पटाच्या दिवशी त्याचा तळवा किती थंड होता ते सांगितलं. गौतमला यातलं काही माहीत नव्हतं. तू घरी कधी सांगितलंच नव्हतंस. तो माझ्या तोंडाकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "बाबाले भेव वाटे?" तीन-तीनदा तेच विचारत होता. मी दरवेळी हो म्हणालो. मग तो गुडघ्यात तोंड घालून रडला, चांगला मोठ्यानं, शेजारची बाई डोकावून गेली. रडून झाल्यावर त्यानं ती भाकर खाल्ली आणि आणखी एक मागून घेतली.

सोमादादा, तू तुतारीकडं पाहत नव्हतास. तू पोराकडं पाहत होतास. एवढंच मला समजलं आहे. पाहताना त्याला काय म्हणत होतास ते मला समजलेलं नाही आणि ते मी कोणालाही ठरवू देणार नाही, मालकांनाही नाही, वहिनींनाही नाही. मरताना बाप आपल्या लेकराकडं पाहतो, त्याला आणखी अर्थ कशाला पाहिजे?

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं निघतो आहोत. महादूच्या हातानं निरोप धाडायचा नाही, मालकांना मी समोर जाऊन सांगायचं असं ठरलं आहे. ते काय म्हणतील माहीत नाही. कदाचित वहिनींचं वावरातलं काम जाईल. गेलं तर वहिनी इथं येतील. तू मला इथं धाडलंस म्हणून ही खोली आहे, तिच्यात त्यांची खाट मावते. बायकोनं सकाळीच पेटी सरकवून जागा काढून ठेवली. गौतमसाठी मुकादमाशी बोलतो. हे सगळं बोलायला सोपं आहे. नानाजी मालकांसमोर मी आजवर मान वर करून उभा राहिलेलो नाही.

म्हणून आज दुपारभर म्हणून पाहतो आहे. "मालक, गौतम बसणार नाही." एवढंच तर म्हणायचं आहे. बायकोला मालक म्हणून समोर बसवलं, डोक्याला पदराचा फेटा बांधून. मी म्हणालो आणि 'बसणार'वर माझा आवाज कोंबडीच्या पिल्लासारखा चिरकला. बायकोनं नसलेल्या मिशीला पीळ दिला. खाटेवरून गौतम हसला, आणि लगेच तोंडावर हात ठेवला, बाप जाऊन महिना झाला नाही आणि आपण हसलो म्हणून.

मी म्हणालो, "हस लेका. पुन्हा म्हणतो, आइक."

पुन्हा म्हणालो. पुन्हा चिरकला. आता गौतमनं तोंडावरचा हात काढला आहे.